खाच

गद्रेबाई नाशिकला लेकीकडे निघाल्या तेव्हा
किल्ल्यांचा जुडगा माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या,
"पावसाळ्यापुरतंच गं, वनमाला."
तीन पावसाळे झाले.

सभेला सहा माणसं होती, हात कुणाचाच वर नव्हता,
म्हणून मी अध्यक्ष.
तशी सवय आहे मला मागे उभं राहून गाडी चालवायची.
एकवीस वर्षं दापोली-हर्णै-आंजर्ले,
दोरी एकदा ओढली की थांब,
दोनदा ओढली की चल.

बंदरामागचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
आत चौतीस कुत्री, एक आंधळं,
एक नुसतंच रागावलेलं.
पहाटे कण्यांची पेज, बांगड्याची डोकी,
काटे मी काढते, बोटांना रात्रीपर्यंत वास.
शाहीन सेरंगच्या रिक्षात टरपेंटाइनचा दर्प मुरलाय,
उतारू नाक मुरडतात.
ती म्हणते, उतरा मग.

भाचीने विचारलं, अध्यक्ष म्हणजे नक्की काय करतेस?
भांडी घासते. हिशेब लिहिते.
डॉक्टर गुरुवारी येतो की नाही ते बुधवारी तीनदा विचारते.
आणि नाही म्हणते.
जन्मभर "आत सरका, जागा आहे" म्हणत आलेली मी
रिसॉर्टवाल्यांच्या गाडीसमोर उभी राहून,
खोक्यातल्या पाच पिल्लांकडे न बघता म्हणते,
जागा नाही.
(त्यातली दोन घेतेच. ते हिशेबात लिहीत नाही.)

नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला लिलाव.
वाळूत बैलगाड्यांची दाटी, कोलंबीच्या टोपल्या,
आणि एका चाकाखाली एकदम दोघं.
भाग्येश चोगलेने उचलून आणली,
कॉलेजचा शर्ट कोपरापर्यंत लाल.
डॉक्टरने दोघांनाही हात लावून पाहिलं.
टेबल एकच, सलाइन एकच, तोही एकटाच.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले,
घाटात गाडी बंद पडली की उतारू बघतात तसे,
जणू इंजिन माझ्या चामड्याच्या पिशवीत आहे.

मी म्हटलं, तांबडा.

काळीला नाव नव्हतं.
तिचं डोकं मांडीवर घेतलं, जड होतं, गरम होतं,
शेपूट एकदा हलली, कुणासाठी ते कळलं नाही.
डॉक्टरने कागद पुढे केला.
वेबिलावर इतक्या सह्या केल्या आयुष्यात,
एकदाही पेन असं थांबलं नव्हतं.

भाग्येश अकरा दिवस आला नाही.
मी नंबर काढायचे, फोन पालथा घालायचे.
नेत्याने काय करावं असं कुठे लिहिलेलं असेल,
मला सापडलं नाही.
मी त्याच्या वाट्याची पिंजऱ्यांची रांग धुतली,
वाईट धुतली, कंबर धरली.
बाराव्या दिवशी तो आला, नळी घेतली,
पाठमोराच म्हणाला, "मावशे, चुकलीस तू."
"असेन," मी म्हटलं.
"काळी वाचली असती."
"असेल."
पाणी बराच वेळ एकाच जागी पडत राहिलं.

शस्त्रक्रिया झालेल्याच्या कानाला खाच असते,
पंच केलेल्या तिकिटासारखी.
संध्याकाळी मी पाजपंढरीच्या वाळूतून कान तपासत जाते.
हा झाला. ही झाली. हा नवा दिसतो.
तांबडा तीन पायांवर मांदेलीवालीच्या टोपलीशी बसलेला,
मला ओळख दाखवत नाही.
बरोबर आहे,
उतरल्यावर कंडक्टरला कोण हात करतं?

काल जुडग्यातून फाटकाची किल्ली सोडवून
भाग्येशला दिली.
"कुलूप गंजलंय. उजवीकडे दाबून फिरव."
तो किल्लीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे,
त्याच नजरेने, घाटातल्या.
आत कुत्र्यांनी भुकेचा गोंधळ मांडला होता.
मी पेजेच्या पातेल्यावर
पळी दोनदा वाजवली.